आली आणि आली होती

कोपर स्टेशन, सकाळी पावणेनऊ. डोंबिवलीच्या बाजूला लांबवर गाडीचं तोंड दिसलं आणि फलाटावरच्या बायका एका सुरात म्हणाल्या, "आली, आली!" ओढण्या खोचल्या गेल्या, पाठीवरच्या सॅक छातीशी आल्या. गाडी अजून फलाटाला लागायची होती, तरी 'आली'. 'येतेय' असं कोणीच म्हटलं नाही. इंग्रजी बोलणारा याच क्षणी म्हणेल, 'हिअर इट कम्स'. साधा वर्तमानकाळ. गाडी तीच, क्षण तोच, आणि दोन भाषांनी दोन वेगळे काळ उचलले. हे टिपण तिथेच, उभ्याउभ्या मोबाइलवर लिहिलं.

*

संध्याकाळी सहा ते साडेसात आमच्या हॉलमध्ये इंग्रजी बोलण्याचा वर्ग असतो. सध्या सात जण येतात. एक नर्स, एक बीपीओत लागलेला मुलगा, आखातात जायची तयारी करणारा इलेक्ट्रिशियन, लेकीच्या बाळंतपणासाठी लंडनला निघालेल्या एक काकू, आणखी तिघं. सगळे मराठी माध्यमाचे. काकूंच्या वेळी एबीसीडी पाचवीत सुरू व्हायची. २००० सालापासून महाराष्ट्रात पहिलीपासून इंग्रजी आलं, त्यातले दोघं माझ्याकडे आहेत. पण एका बाबतीत सगळे सारखे. काळांचा बारा घरांचा तक्ता सगळ्यांना पाठ आहे, आणि तोंड उघडायची वेळ आली की त्या बारा घरांतलं कुठलं दार उघडायचं ते कोणालाच सुचत नाही.

*

गेले काही महिने मी त्यांच्या चुका लाल शाईने खोडायचं थांबवलंय. वहीत उतरवून घेते आणि शेजारी त्यांच्या मनातलं मराठी वाक्य लिहिते. वही जसजशी भरतेय तसं एक दिसू लागलंय: यातल्या निम्म्याहून जास्त 'चुका' म्हणजे अगदी बरोबर मराठी आहे.

*

आजची जोडाजोडी.

समजलं. आय अंडरस्टँड.
भूक लागली. आय ॲम हंग्री.
दमले बाई. आय ॲम टायर्ड.
कंटाळा आला. आय ॲम बोअर्ड.
आवडलं मला हे. आय लाइक इट.
पटलं. आय ॲग्री.

डावीकडे सगळीकडे भूतकाळ, उजवीकडे सगळीकडे वर्तमान. इलेक्ट्रिशियन मुलगा 'आय अंडरस्टूड' म्हणतो तेव्हा त्याच्या मनात 'समजलं' असतं. समजण्याची क्रिया घडली, पार पडली, म्हणून भूतकाळ. इंग्रजी माणूस ती क्रिया मोजत नाही. त्याला आत्ताची अवस्था दिसते: उजेड पडलेला आहे. आपण बटण दाबल्याचं सांगतो, तो दिवा लागलाय असं सांगतो.

*

'तो बसलाय' याचं 'ही हॅज सॅट' करतात. 'ती झोपलीय', 'बाबा उभे राहिलेत', 'ती पैठणी नेसलीय' हीसुद्धा त्याच कुळातली. मराठीत बसण्याची क्रिया पूर्ण झाली, तिचा परिणाम समोर आहे, म्हणून 'बसला आहे'. इंग्रजीत 'ही इज सिटिंग', 'शी इज वेअरिंग'. मराठीत 'तो बसतोय' म्हटलं तर गुडघे वाकताना दिसतात. काकूंना हे करून दाखवलं. खुर्चीवर अर्धवट टेकले आणि विचारलं, "मी आत्ता काय करतेय?" त्या म्हणाल्या, "बसताय." पूर्ण बसले. "आता?" "बसलात." मग म्हटलं, या दुसऱ्या चित्राला इंग्रजी 'सिटिंग' म्हणते. त्यांच्या चेहऱ्यावरची आठी एकदम गेली.

*

तो आला की सांग. 'टेल मी व्हेन ही कम्स.'
पाऊस पडला तर जाऊ नकोस. 'इफ इट रेन्स, डोन्ट गो.'

पुढच्या गोष्टीबद्दल बोलतोय आणि मराठीत भूतकाळी रूप. इंग्रजीत वर्तमानकाळी. भविष्यकाळ दोघींनीही वापरला नाही. वर्गात मात्र हमखास 'व्हेन ही विल कम' येतं, कारण तक्त्यात उद्याच्या घरावर 'विल' लिहिलेलं आहे. तक्ता घड्याळाकडे बघतो. भाषा घड्याळाकडे बघत नाही.

*

"आलेच!" दाराशी कुरियरवाला उभा आहे, मी स्वयंपाकघरात, हात कणकेत. अजून हललेही नाही आणि 'आले'. 'मी निघालो' हे चप्पल शोधताना म्हणायचं असतं. 'पडशील' म्हणायला वेळ नसतो तेव्हा आई ओरडते, 'पडलास बघ!' शाळेच्या व्याकरणात याला संनिहित भविष्यकाळ असं भारदस्त नाव आहे. मला त्यात एक आश्वासन ऐकू येतं. 'येते' म्हटलं तर वेळ लागेल. 'आलेच' म्हटलं की ते ठरलंच, जणू झालंच.

इंग्रजीत इथे 'आय ॲम कमिंग' किंवा 'कमिंग!' असतं. पुन्हा वर्तमान.

*

आतापर्यंतचं एका ओळीत: मराठीचा 'ला, ली, लं' कधी घडलं ते सांगत नाही, 'झालं, ठरलं, पक्कं' एवढंच सांगतो.

*

बीपीओतला मुलगा आज पडलेल्या चेहऱ्याने आला. त्याच्या कामाच्या ठिकाणी कोणीतरी सगळ्यांसमोर त्याचं वाक्य दुरुस्त केलं होतं. वाक्य असं: 'आय हॅड गॉन टू दादर येस्टरडे.' त्याला हवं होतं: 'आय वेंट टू दादर येस्टरडे.'

मी त्याला मराठीत विचारलं, "काल कुठे होतास?"
"दादरला गेलो होतो."
"नुसतं 'दादरला गेलो' का नाही म्हणालास?"
तो थांबला. "मॅडम, 'काल दादरला गेलो' म्हटलं तर पुढे काहीतरी सांगायचं राहिलंय असं वाटतं. गेलो आणि तिथे काय झालं? 'गेलो होतो' म्हटलं की गेलो, आलो, संपलं."

व्याकरणाच्या पुस्तकातसुद्धा इतकं स्वच्छ क्वचित सापडेल. मराठीत 'होतो' लावला की ती गोष्ट मागे, लांब जाते. काल येऊन गेलेला पाहुणा 'आला होता'. तो अजून घरात असेल तर 'आलाय'. हा लांबपणा दाखवायला त्याने इंग्रजीत प्रामाणिकपणे 'हॅड' लावला. त्याला कोणी सांगितलंच नव्हतं की इंग्रजीच्या 'वेंट'मध्येच आपला 'होतो' बसलेला आहे. 'वेंट' म्हणजे 'गेलो होतो'. 'हॅड गॉन' ठेवायचं ते आणखी एक पायरी मागे जाताना: मी दादरला पोचण्याआधीच दुकान बंद झालं होतं, तसं.

त्याने वहीत लिहून घेतलं: वेंट = गेलो होतो. खाली दोन रेघा मारल्या.

*

म्हणजे आपल्याकडे दोन कामं दोन जागी आहेत. 'ला' म्हणतो: झालं. 'होता' म्हणतो: लांब गेलं. इंग्रजीचा साधा भूतकाळ मुख्यतः दुसरं काम करतो. म्हणून 'आली'ला तो चालत नाही आणि 'आली होती'ला अगदी नेमका बसतो.

इतके दिवस मीही 'केम = आला' असंच शिकवत होते. मुलांच्या निम्म्या अडचणीचं मूळ त्या बरोबरच्या चिन्हात आहे.

*

लगेच पडताळून पाहिलं. दुकानात, बँकेत, शेजाऱ्यांच्या दारात आपण कसे बोलतो?

"एक विचारायचं होतं."
"साहेबांकडे जरा काम होतं."
"दोन किलो तांदूळ हवे होते."

काम तर आत्ता आहे. तांदूळ आत्ताच हवेत. तरी 'होतं', कारण मागणी एक पाऊल मागे उभी केली की समोरच्याला मोकळी जागा मिळते. इंग्रजीत हेच: 'आय वाँटेड टू आस्क', 'आय वॉज वंडरिंग इफ'. मुलांना ही वाक्यं परकी, पुस्तकी वाटायची. 'विचारायचं होतं' शेजारी लिहिलं आणि नर्स म्हणाली, "अय्या, हे तर आपण रोज बोलतो." हो. आदबीने मागे सरणं दोन्ही भाषांना येतं, आणि दोघीही त्यासाठी भूतकाळाचीच पायरी वापरतात.

*

काकूंची तयारी. लंडनला गेल्यावर कधी डॉक्टरकडे एकटीने जायची वेळ आली तर काय बोलायचं, याचा आम्ही रोज दहा मिनिटं सराव करतो. मी डॉक्टर, त्या पेशंट.

"दोन दिवस ताप आहे," हे त्यांनी इंग्रजीत सांगितलं: 'आय हॅड फीव्हर फॉर टू डेज.'

मी वही बाजूला ठेवली. या वाक्यातून तिथल्या डॉक्टरला ऐकू येईल: दोन दिवस ताप होता, आता नाही. तो विचारेल, मग आज का आलात? त्यांना म्हणायचं आहे 'आय हॅव हॅड फीव्हर फॉर टू डेज.' दोन वाक्यांत 'हॅव' या एका इवल्याशा शब्दाचा फरक, आणि तोही घाईत बोलताना 'आयव्ह' असा ओठांतच विरतो.

काकू म्हणाल्या, "एवढ्याशा 'व्ह'वर माझा ताप उतरवतात की हो."

दहा वेळा म्हणून घेतलं. आयव्ह हॅड. आयव्ह हॅड. दाताखाली खालचा ओठ आला पाहिजे.

*

हा 'हॅव' समजावताना मी मुलांना स्टेशनवरच नेते. कोपरला दोन मार्ग एकमेकांना छेदतात. खालून कल्याणची मुख्य लाइन, वरून वसई-दिवा. दोन्हीकडे फलाट, दोन्हीकडे नाव एकच: कोपर. पण वर चढलात तर वसईला जाल आणि खाली थांबलात तर ठाण्याला.

'आय लिव्ह्ड इन कोपर फॉर टेन इयर्स' आणि 'आय हॅव लिव्ह्ड इन कोपर फॉर टेन इयर्स' यांचं तसंच आहे. दहा वर्षं तीच, कोपर तेच. पहिल्या वाक्यातला माणूस सामान आवरून निघून गेलेला आहे. दुसऱ्यातला अजून इथेच राहतो, उद्या सकाळी याच फलाटावर दिसेल.

आपण म्हणतो, 'दहा वर्षं कोपरला राहतोय.' म्हणून 'आय ॲम स्टेइंग इन कोपर सिन्स टेन इयर्स' होतं. आपल्याला वर्तमानच पुरतो. इंग्रजीला मागची दहा वर्षं आणि आजचा दिवस एका दोरीत ओवायचे असतात, आणि ती दोरी म्हणजे 'हॅव'.

*

साल, तारीख, 'काल', 'गेल्या महिन्यात' यांतलं काही वाक्यात आलं की ती दोरी तुटते. १ मे १८५४ रोजी ठाण्याहून कल्याणपर्यंत रेल्वे सुरू झाली. तीच वाट आजही कोपरवरून जाते, दर काही मिनिटांनी गाडी धडधडत जाते. तरीही इंग्रजीत 'द रेल्वे रीच्ड कल्याण इन एटीन फिफ्टी-फोर' असंच. 'हॅज रीच्ड' नाही. तारीख सांगितली म्हणजे बोट मागे दाखवलं.

नोकरीच्या मुलाखतीत पहिल्याच वाक्याला इथे ठेच लागते: 'आय हॅव कम्प्लीटेड माय ग्रॅज्युएशन इन ट्वेंटी-नाइन्टीन.' साल आलं, 'हॅव' गळालं पाहिजे. किंवा 'हॅव' ठेवा आणि साल गाळा. दोन्ही एका दारातून जात नाहीत.

*

'जेवलात का?' याचं इंग्रजी काय? ब्रिटिश माणूस बहुधा 'हॅव यू ईटन?' म्हणेल. अमेरिकेत 'डिड यू ईट?' अगदी सर्रास. म्हणजे हद्द खुद्द इंग्रजीतसुद्धा एका जागी नाही. मुलांना हे आवर्जून सांगते. ज्यांची ती भाषा आहे त्यांच्यातही एकमत नाही म्हटल्यावर खांदे जरा सैल होतात.

*

'आय डिडन्ट वेंट.' सातपैकी पाच जण म्हणतात. मनातलं वाक्य: 'गेले नाही.' मराठीत क्रियापद आपला भूतकाळ जपतं, 'नाही' नुसतं मागे येऊन उभं राहतं. इंग्रजीत 'डिड'ने भूतकाळाचं ओझं उचललं की 'गो' मोकळं होतं. ओझं एकदाच उचलायचं. नर्सने तिच्या भाषेत सांगितलं: "एका पेशंटला दोन सलाइनं कशाला?" हे वर्गात आता वाक्प्रचारासारखं झालंय. कोणी 'डिडन्ट वेंट' म्हटलं की बाकीचे म्हणतात, "दोन सलाइनं!"

*

उलट बाजूही लिहून ठेवायला हवी. इंग्रजी माणसाला मराठीचा भूतकाळ शिकवायचा तर केवढं सांगावं लागेल.

ती आंबा खाते. ती चिंच खाते.
तिने आंबा खाल्ला. तिने चिंच खाल्ली.

वर्तमानात क्रियापद तिच्याकडे बघून चालतं. भूतकाळात पाऊल टाकलं की 'ती'ला 'ने' लागतो, ती मागे सरते, आणि क्रियापद आंब्याकडे किंवा चिंचेकडे बघू लागतं. करणारी बाजूला, केलेली गोष्ट पुढे. आपण हे चार वर्षांचे असताना, कोणी न शिकवता, शिकलो. ज्यांनी एवढं पेललं त्यांना 'वेंट' आणि 'हॅव गॉन' जड जाऊ नये. कुठून धरायचं ते फक्त कोणी दाखवायला हवं.

*

नर्सची अडचण वेगळी. निरोप सांगायचा होता: 'डॉक्टर सुट्टीवर आहेत, असं सिस्टर म्हणाल्या.' मराठीत आतलं वाक्य जसंच्या तसं राहतं, 'आहेत'. इंग्रजी म्हणते, 'शी सेड द डॉक्टर वॉज ऑन लीव्ह.' तिने विचारलं, "वॉज म्हणजे आता कामावर आले ना?" तसं नाही. 'सेड' मागे गेलं आणि त्याने 'इज'लाही हात धरून मागे नेलं. डॉक्टर अजून सुट्टीवर असतीलच, तर बोलताना 'इज' ठेवलं तरी चालतं. तिला म्हटलं, दवाखान्यात कोणाचा गैरसमज होईल असं वाटलं तर 'इज'च ठेव आणि पुढे कधीपर्यंत तेही सांग. तिथे नियमाच्या सौंदर्यापेक्षा पेशंट मोठा.

*

रेडिओ. क्रिकेटचं इंग्रजी समालोचन जवळजवळ सगळं साध्या वर्तमानात धावतं: येतो, टाकतो, मारतो. मराठीत बाळ ज. पंडित यांनी हे समालोचन घराघरांत नेलं. त्या परंपरेतली वाक्यं कानात आहेत, ती अशी चालतात: गोलंदाज धावत येतोय, चेंडू टाकला, फटकावला, अडवला. हातात असेपर्यंत वर्तमान, सुटला की 'ला'. फलाटावरच्या 'आली, आली'चीच ही बहीण. मराठी कान घटनेच्या टोकावर टेकलेला असतो. ती पक्की झाली की लगेच टाळी देतो.

*

काळ आपलं घरही बदलतात. 'तुका म्हणे' यातला 'म्हणे' त्या काळी वर्तमानाचं रूप होतं: तुका म्हणतो. आज तीच ठेवण भूतकाळातल्या सवयीकडे गेली आहे: आजी पहाटे उठे, जात्यावर बसे, ओव्या म्हणे. शाळेत त्याला रीतिभूतकाळ म्हणतात. दिलीप चित्रे यांनी तुकोबांच्या अभंगांचं इंग्रजी पुस्तक १९९१ साली आणलं, त्याचं नाव 'सेज तुका'. 'सेड' नाही, 'सेज'. तीन शतकं उलटली तरी त्या माणसाचं म्हणणं संपलेलं नाही, हे चित्र्यांनी एका 's'च्या आवाजात सांगितलं. आपणही 'ज्ञानेश्वर म्हणतात' असंच म्हणतो. कोणाचं बोलणं जवळ ठेवायचं ते आपण ठरवतो, आणि काळ त्याप्रमाणे वाकतो.

*

कपाटातून दामल्यांचं 'शास्त्रीय मराठी व्याकरण' काढलं. १९११ सालचा ग्रंथ. मोरो केशव दामले म्हणजे केशवसुतांचे धाकटे भाऊ. त्याआधी १८३६ साली दादोबा पांडुरंग तर्खडकरांनी ऐन विशीत महाराष्ट्र भाषेचं व्याकरण छापलं. पुढे तर्खडकर हेच आडनाव भाषांतर पाठमालेमुळे इंग्रजी शिकणाऱ्या मराठी पिढ्यांच्या तोंडी बसलं. त्या पाठमालेचा मार्ग मराठीवरून इंग्रजीकडे जाणारा होता. मधल्या काळात वर्गात मराठी शब्द उच्चारला तर दंड अशा रीतीचे क्लास आले. मी स्वतः तसं शिकवलं आहे. आता माझं मत पक्कं झालंय: ज्याला पाया आहे त्याला तो उकरायला सांगू नये. मराठीतून गेलं की इंग्रजीचे काळ दोन आठवड्यांत उलगडतात. मराठी टाळून गेलं की दोन वर्षांतही तक्ताच पाठ राहतो.

*

एक मुलगी आज म्हणाली, 'माय मदर वॉज अ टीचर.' सगळे गप्प झाले. तिने घाईने सांगितलं, "आहे हो आई, रिटायर झालीय." इंग्रजीचा 'वॉज' नोकरी लांब गेली की माणूस, ते सांगत नाही. तिला जोडायला सांगितलं: 'शी इज रिटायर्ड नाऊ.' एक 'इज' आला आणि आई पुन्हा घरात आली.

*

आता वर्गात काळ निवडताना आम्ही तक्ता बघत नाही. एकच प्रश्न विचारतो: ही गोष्ट माझ्या मनात आत्ता कुठे उभी आहे? समोर असेल तर वर्तमान. तिची दोरी माझ्या हातात असेल तर 'हॅव'. ती 'होती' असेल, तर भूतकाळ. सगळी कुलपं या किल्लीने उघडत नाहीत, पण रोजच्या बोलण्यातली बरीच उघडतात.

*

काकू लंडनला पोचून तीन आठवडे झाले. लेकीला मुलगा झाला. काल रात्री त्यांचा व्हॉइस मेसेज आला. आधी मराठीत बाळाचं कौतुक, मग जरा घसा खाकरून इंग्रजीत: 'आय वेंट टू द डॉक्टर येस्टरडे. आय टोल्ड हिम, आयव्ह हॅड दिस कफ फॉर फाइव्ह डेज. ही गेव्ह मी मेडिसिन. नाऊ आय ॲम फाइन.'

दोनदा ऐकला. 'वेंट'च्या मागे 'हॅड' नव्हता. 'आयव्ह'मधला 'व्ह' स्पष्ट होता. खालचा ओठ दाताखाली आला होता.